कोमट चाहत्याचं मत

३० डिसेंबर २०२२ ला 'वेड' रिलीज झाला. त्याच वीकेंडला आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "अजय-अतुलची गाणी कशी वाटली?" मी प्रामाणिकपणे लिहिलं, "ठीक आहेत."

बस्स! एवढंच. पुढचा अर्धा तास नुसता दंगा. "पुण्यात जाऊन लय शाना झाला का?" इथपासून सुरुवात झाली आणि "याला मराठीचं काही पडलेलंच नाही" इथपर्यंत गाडी पोचली. थोरल्या दादाने तर लिहिलं, "तू दोन ओळी लावून दाखव, मग बोल." आता काय बोलणार? ग्रुप म्यूट केला आणि झोपलो.

तर आज, इतक्या दिवसांनी, त्या 'ठीक आहेत'चा खुलासा.

पहिली गोष्ट, मी अजय-अतुलचा शत्रू नाही. चाहताच आहे, पण कोमट. म्हणजे नवीन गाणं आलं की ऐकतो, आवडलं तर महिनाभर पिळतो, नाही आवडलं तर विसरतो. पहिल्या दिवशी रात्री बारा वाजता ऐकायला बसत नाही.

'जोगवा' आला २००९ मध्ये. मी तेव्हा श्रीरामपुरात शाळेत. त्या काळी मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपये दिले की मेमरी कार्ड गाण्यांनी गच्च भरून मिळायचं. (हे चोरीचं असतं वगैरे डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आता येतं, जरा लाजही वाटते. असो.) काकाच्या चायना मोबाईलवर 'जीव रंगला' पहिल्यांदा ऐकलं, कालव्याच्या कडेला बसून. त्या स्पीकरला बास नावाची गोष्टच नव्हती, सगळा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तरीही अंगावर काटा आला. त्या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि संगीताचा अजय-अतुलला, हे नंतर कळलं. आम्हाला त्या पत्र्याच्या डब्याने आधीच सांगितलं होतं.

हा डबा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मध्ये एक वेगळी गोष्ट. माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, बीटीएसची कट्टर फॅन. त्या कोरियन ग्रुपच्या फॅन लोकांना 'आर्मी' म्हणतात, ही त्यातली बिनीची शिपाई. एकाच अल्बमच्या दोन-दोन आवृत्त्या विकत घेते, का तर आतले फोटोकार्ड वेगळे निघतात. मला वाटलं, हिच्याशी गाण्यांवर काय बोलायचं, हिला सगळंच ग्रेट वाटणार. एकदा लंचला सहज 'डायनामाइट'चा विषय काढला. २०२० चं ते पूर्ण इंग्रजी गाणं अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "छान आहे, पण त्यांचं बेस्ट नाही. त्यांचं कोरियनमधलं काम ऐक." आणि मग वीस मिनिटं कुठल्या अल्बममधलं कुठलं गाणं नुसतं भरतीचं आहे हे सांगत बसली. माझी भाजी गार झाली.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ती पदरचे पैसे घालते, ऐकते, आणि मग नावंही ठेवते. आपण यूट्यूबवर फुकट ऐकतो आणि कुणी 'ठीक आहेत' म्हटलं की अस्मितेला धक्का! हिशोब कुठेतरी चुकतोय, नाही का?

गेल्या महिन्यात घरी गेलो होतो. पुण्याहून नगर, राहुरी करत श्रीरामपूर, म्हणजे निवांत गाणी ऐकायला भरपूर वेळ. म्हटलं, 'वेड' परत ऐकू, कदाचित माझंच चुकलं असेल. महागातले हेडफोन लावले. आणि खरं सांगतो, 'वेड तुझा' हेडफोनवर जबरदस्त वाटतं. सुरुवात हळुवार, मग व्हायोलिनचा ताफा येतो, सगळं वर वर चढत जातं आणि आपला गळा दाटून येतो. दादाला माफीचा मेसेज टाईप करायलाही घेतला होता.

पण पाठवला नाही, कारण संध्याकाळी तीच गाणी स्वयंपाकघरात लागली. आई मेथी निवडत होती, मी फोन फळीवर ठेवला आणि साध्या स्पीकरवर लावून दिलं. पत्र्याच्या डब्याची सुधारित आवृत्ती! 'वेड तुझा' लागलं. व्हायोलिनचा ताफा गायब, उरला तो नुसता आवेग. आई म्हणाली, "जरा बारीक कर रे." 'बेसुरी'वर ती काहीच बोलली नाही. 'वेड लावलंय' चालू असताना कुकरची शिट्टी झाली आणि दोघांनाही फारसा फरक पडला नाही. मग 'सुख कळले' लागलं. श्रेया घोषालचा आवाज आला आणि आईचा हात थांबला. गाणं संपल्यावर म्हणाली, "हे कुणाचं रे? परत लाव."

झाला निकाल. मुख्य चार गाण्यांतलं एक डब्यातूनही पोचलं. बाकीच्यांना हेडफोन लागतो.

आता कुणी म्हणेल, ऑर्केस्ट्राला नावं ठेवतोस. अजिबात नाही. 'सैराट'चा (२०१६) ऑर्केस्ट्रा तर थेट लॉस एंजलीसला, हॉलिवूडच्या सोनी स्टेजवर रेकॉर्ड झालेला. तरी 'याड लागलं' मी उसाच्या ट्रॅक्टरवरच्या फाटक्या स्पीकरवर ऐकलंय आणि तिथेही ते तेवढंच लागलं. कारण खाली चाल होती. ऑर्केस्ट्रा वरून आला. 'वेड'मध्ये मला काही ठिकाणी उलटं वाटतं. आधीच्या प्रोजेक्टचा चाललेला कोड उचलावा, नाव बदलावं आणि डिप्लॉय करावं, तसं. हळू सुरुवात, मग चढ, मग कोरस, मग काटा. काटा येतो हो, पण तो सवयीचा.

आणि त्यांना दुसरं येत नाही असंही नाही, दुखणं तेच आहे. चारच महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये 'महाराष्ट्र शाहीर' आला. त्यातलं 'बहरला हा मधुमास' घ्या. हलकंफुलकं, गुणगुणता येईल असं, कुठेही दम लावून रडवत नाही. आईने पहिल्याच कडव्यात मान डोलवली. म्हणजे हात अजून तसाच आहे. आपणच जर प्रत्येक अल्बमला सरसकट 'लय भारी' म्हणत बसलो, तर कुठलं काम खरंच भारी झालंय हे त्यांना कळणार कसं? सगळ्या टेस्ट केस पास झाल्या असा रिपोर्ट देणारा टेस्टर डेव्हलपरचा मित्र नसतो हो. त्याने फक्त टेस्ट चालवलेली नसते.

'आपली माणसं' म्हणून कौतुक करावं, जरूर करावं. जुन्नर-शिरूरकडे वाढलेली दोन भावंडं इथवर पोचली याचा मलाही अभिमान आहे. पण आपल्या माणसाला 'हे नेहमीसारखं झालं नाही' एवढं सांगता येत नसेल तर तो आपला कसला? आईसुद्धा मला 'आज भाकरी जमली नाही' असं सांगू देते.

परत येताना ग्रुपचं म्यूट काढलं आणि लिहिलं, "वेडची गाणी परत ऐकली. सुख कळले अप्रतिम. बाकीची ठीक आहेत."

दादाचा रिप्लाय आला, "सुख कळलेपुरतं मान्य."

सुधारणा आहे :)