जागांचे भांडण आणि जागेवरचा माणूस

१/ ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही मुंबईची दोन कसोटी मैदाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एक भव्य स्टेडियम उभे असताना त्याच्या कुशीत दुसरे का बांधावे लागले? उत्तर एका शब्दात देता येते: तिकिटे. आणि या कथेचा नायक नागपूरचा आहे.

२/ ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ मध्ये खुले झाले. त्याची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. कसोटी भरवण्याचा अधिकार मात्र बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचा. क्लबला आपल्या सभासदांसाठी जागा हव्या होत्या, असोसिएशनला आपल्या संलग्न क्लबांसाठी. प्रत्येक कसोटीपूर्वी घासाघीस होई. १९७० च्या दशकाच्या आरंभी हा वाद विकोपाला गेला. एका बाजूला क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे.

३/ वानखेडे हे नागपूरच्या राजकारणातून पुढे आलेले नेते. १९७२ पासून महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी ठरवले आणि अवघ्या वर्षभरात चर्चगेटजवळ नवे स्टेडियम उभे राहिले. ही गोष्ट आपल्याकडे जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्दीची आहेही. परंतु तिच्यातील एक गैरहजेरी सहसा कोणी नोंदवत नाही. भांडण जागांचे होते, तरी पहाटेपासून खिडकीपुढे रांग लावणारा माणूस वाटाघाटीत कोणत्याच बाजूने बसलेला नव्हता.

४/ जानेवारी १९७५. वानखेडेवरील पहिलीच कसोटी, समोर वेस्ट इंडिज. क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण करताच एक चाहता अभिनंदनासाठी मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि प्रेक्षागार पेटून उठले. त्या दिवसाचा उरलेला खेळ वाया गेला. लॉइड पुढे नाबाद २४२ पर्यंत पोहोचला. १९६९ मध्ये ब्रेबॉर्नवरही ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत पंचांच्या एका निर्णयावरून जाळपोळ झाली होती. अशा प्रसंगांना ‘हुल्लड’ हा शब्द लावला की विषय संपतो. पण ज्याला तक्रार नेण्यासाठी दार नाही, त्याचा राग रस्त्यावर नाही तर खुर्च्यांवरच निघणार.

५/ आता इटलीकडे पाहू. तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून फुटबॉल मैदानांत ‘अल्ट्रा’ नावाने ओळखले जाणारे समर्थकांचे संघटित गट उभे राहिले. झेंडे, ढोल, घोषणा, परगावचे प्रवास, सारे काही त्यांच्या हाती. २००७ मध्ये कातानिया येथे सामन्याच्या वेळी झालेल्या दंगलीत एक पोलीस अधिकारी मारला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत शासनाने ‘समर्थक ओळखपत्र’ आणले. हंगामी तिकिटासाठी आणि पाहुण्यांच्या कक्षात बसण्यासाठी ते आवश्यक ठरले. अल्ट्रांनी ही पाळत असल्याचे म्हणत त्याला कडाडून विरोध केला.

६/ या संघटनांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. हिंसा, वंशद्वेषी घोषणा आणि तिकिटांचा काळाबाजार यांचे डाग त्यांच्यावर आहेत. युव्हेंटस क्लबचे अध्यक्ष आंद्रेआ आन्येल्ली यांच्यावर २०१७ मध्ये बंदीची कारवाई झाली, ती अल्ट्रांना तिकिटे पुरवण्याच्या प्रकरणातच. समर्थक आणि व्यवस्थापन यांचे भांडण जितके घातक, तितकेच त्यांचे गुप्त सख्यही घातक ठरू शकते.

७/ तरीही संघटनेचे मोल एका भिंतीपाशी कळते. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर युव्हेंटस-लिव्हरपूल अंतिम सामन्यापूर्वी हल्ला, पळापळ आणि कोसळलेली भिंत यांत ३९ जण मेले. त्यांतले ३२ इटालियन. मृतांच्या नातेवाइकांनी ओतेल्लो लोरेंतिनी यांच्या पुढाकाराने संघटना बांधली आणि ते परक्या देशातील न्यायालयात वर्षानुवर्षे लढले. लिव्हरपूलच्या काही समर्थकांना शिक्षा झाल्याच; पण अपिलात युरोपीय फुटबॉल महासंघाचे तत्कालीन सरचिटणीसही दोषी ठरले. सामना भरवणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते, हे त्या लढ्याने सिद्ध केले.

८/ नागपूरलाही अशी एक भिंत आहे. २६ नोव्हेंबर १९९५, सिव्हिल लाइन्सचे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान, भारत विरुद्ध न्यूझीलंड एकदिवसीय सामना. प्रेक्षागारातील भिंत कोसळली. प्रेक्षक मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. सामना मात्र पुढे चालू राहिला. धावफलक आजही सांगतो: न्यूझीलंड ३४८, नेथन अ‍ॅस्टलचे शतक, भारताचा ९९ धावांनी पराभव. त्या दिवशी घरी न परतलेल्यांसाठी धावफलकात रकाना नसतो.

९/ २००८ मध्ये कसोटी क्रिकेट वर्धा मार्गावरच्या जामठ्याला गेले. स्टेडियम आधुनिक, प्रशस्त. परंतु महाल, सक्करदरा, नंदनवन येथून सायकल हाणत सिव्हिल लाइन्स गाठणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पाच दिवसांचा खेळ शहराबाहेर गेला. सौरव गांगुलीच्या अखेरच्या कसोटीलाही तेथे रिकाम्या खुर्च्या दिसल्या. नागपूरच्या प्रेक्षकाने दंगल केली नाही. तो आलाच नाही. मागणी मांडायला जागा नसली की गैरहजेरी हीच भाषा उरते, आणि प्रक्षेपण हक्कांवर चालणाऱ्या खेळाला ती ऐकू येत नाही.

१०/ लोढा समितीच्या शिफारशींनंतर क्रिकेट मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत खेळाडूंच्या संघटनेला दोन जागा मिळाल्या, महालेखापरीक्षकांच्या प्रतिनिधीलाही एक. सुधारणेच्या त्या मोठ्या पर्वातही प्रेक्षकासाठी एकही जागा निघाली नाही. जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, तेव्हा या उणिवेची किंमत पुन्हा दिसली.

११/ म्हणून मागणी साधी असावी. प्रत्येक राज्य संघटनेत प्रेक्षकांनी निवडलेला एक प्रतिनिधी. सामन्याआधी दोन आकडे जाहीर: किती तिकिटे खुल्या विक्रीला आणि किती आतल्या आत वाटलेली. प्रेक्षागाराच्या मजबुतीचा दाखला प्रवेशद्वारावर लावलेला. इटलीतले ढोल आणि मशाली आणण्याची गरज नाही. लोरेंतिनींची चिकाटी आणावी. वानखेडेंनी क्लबांच्या जागांसाठी एक स्टेडियम उभे केले. त्या जागांवर बसणाऱ्यांसाठी एक खुर्ची मागणे, हे त्या मानाने फारच लहान काम आहे.