१२० तास इटियाडोहच्या मुलांनी कुठं भरायचे?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आलं. त्याला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. मुलांच्या हाताला काम शिकवा, हे इथले शिक्षक कधीपासून सांगत आलेत. राग एकाच गोष्टीचा आहे. ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या काठच्या मुलांनी हे तास कुठं भरायचे?

मी याच भागातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. हाच प्रश्न विचारणारे दोन अर्ज संबंधित कार्यालयाला दिले, स्मरणपत्र दिलं. साधी पोचही मिळाली नाही.

हिशेब तुम्हीच करा. रोज ६ तास धरले तरी २० दिवस. इथं कंपनी नाही, म्हणजे गोंदिया नाहीतर नागपूर गाठायचं. २० दिवसांचं राहणं, जेवण, गाडीभाडं, आणि रोवणीचे दिवस असले तर बुडालेली मजुरी वेगळी. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची. त्यातले ४ अडले की पदवी अडली. मग ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारलेला कागद येतो आणि त्यावर आम्ही सही करतो. मला याची लाज वाटते. पण मुलांना या वाटेवर कोणी आणून सोडलं, याचं उत्तर तुमच्या विभागानं द्यायचं आहे.

माझ्या वर्गात ढिवर समाजाची एक मुलगी आहे. पहाटे बापासोबत डोंग्यात बसून धरणात जाते. जाळ्यातून कटला, रोहू, मृगळ सोडवून वेगळे करते, मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर वजन करते, वहीत आकडा टाकते आणि मग कॉलेजला येते. यंदा मत्स्यबीज किती जगलं याचा तिचा अंदाज मी पडताळून पाहिलाय, तो चुकत नाही. तिनं याच कामाचे तास ट्रेनिंगमध्ये धरा म्हटलं, तर उत्तर मिळालं, "सोसायटी यादीत नाही." सहकारी संस्था कायद्यानं नोंदलेली असते, महोदय! शिक्केवालं दुकान चालतं आणि मच्छीमारांची संस्था चालत नाही?

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवातून आलेल्या शिक्षणालाही क्रेडिट द्यायची तरतूद आहे. मिळालेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत ७ वर्षं राहतात. कागदावर सगळं आहे. इटियाडोहच्या कालव्यांचं पाणी अर्जुनी मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत जातं. त्या पाण्याचं वाटप, धानाच्या बांध्या, राईस मिल, नवेगावचं जंगल, या सगळ्यांत शिकण्यासारखं काम नाही का?

पुढचं सत्र सुरू होण्याआधी मच्छीमार सोसायट्या, पाणीवापर संस्था आणि राईस मिल प्रशिक्षणाची ठिकाणं म्हणून मंजूर करा. देखरेख करणाऱ्या शिक्षकाचे तास मानधनात धरा. त्या मुलीला मी रोजच्या कामाची तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगितलं आहे. वही तयार आहे. तपासायला माणूस पाठवा.

आपला,
एक शिक्षक,
इटियाडोह परिसर, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया