चाक बदलणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि बोरघाटातील मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. सहाचाकी ट्रकांच्या जोडीला कंटेनर लादलेले लांबलचक ट्रेलर घाट चढू लागले. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लोणावळ्यालगतच्या औंढे गावाजवळून जातो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांचा माल या परिसरातून अहोरात्र धावत असतो. या वेगाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु वाटेत ट्रेलरचे चाक निकामी झाले म्हणजे जॅक लावून त्या अजस्र सांगाड्याखाली आडवा होणारा माणूस कोण, आणि त्याच्या जिवाची हमी कोणी घेतली आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जॅक निसटून कोणी चिरडला गेला, तर ‘निष्काळजीपणा’ हा एकच शब्द उच्चारून प्रकरण मिटविण्याची आपल्याकडे रीत आहे. हा शब्द मालकाला सोयीचा आहे आणि शासनालाही. म्हणूनच, काळजी घेणे म्हणजे नेमके काय करणे, हे आधी पाहिले पाहिजे.

ट्रेलर सुरक्षितपणे उचलण्याचे शास्त्र अवघड नाही. जमीन सपाट व टणक हवी. ज्याला चालक मंडळी ‘घोडा’ म्हणतात, तो ओढणारा भाग ट्रेलरला जोडलेलाच असावा; घोडा सोडवून ट्रेलर नुसत्या पुढच्या पायांवर उभा करणे आणि मागे जॅक लावणे हा जिवावरचा खेळ होय. दोन्ही भागांचे हँडब्रेक ओढलेले, इंजिन बंद, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. जी चाके उचलावयाची नाहीत, त्यांना पुढून व मागून उटी लावलेली असावी. शक्य असेल तर माल आधी उतरवावा. नट सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकखाली जाड फळी हवी, आणि जॅक निर्मात्याने नेमून दिलेल्या जागीच, म्हणजे सामान्यतः ॲक्सलखाली पाट्यांच्या बैठकीजवळ, लावला पाहिजे.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम असा की, जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हायड्रॉलिक जॅकमधील एक झिजलेला वॉशर तेल सोडू लागला की सारा भार खाली येतो. म्हणून भार उचलताच तो पोलादी स्टँडवर अथवा आडव्या-उभ्या रचलेल्या भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकविला पाहिजे, आणि तोवर कोणाचेही अंग गाडीखाली जाता कामा नये. विटा अथवा सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत. ते पूर्वसूचना न देता फुटतात. चाक बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

आता हे शास्त्र आणि घाटमाथ्यावरील वास्तव शेजारी ठेवून पाहावे. सपाट जागा कोठे आहे? रस्त्याची कड उतरती, आणि मावळातील पावसाळ्यात डांबराबाहेरची माती अशी भुसभुशीत की जॅकच तीत रुतावा. वेळ कोठे आहे? चालकाचे उत्पन्न फेऱ्यांवर अवलंबून. थांबलेला तास त्याच्या पदरचा जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम २०१ बंद पडून रहदारीला अडथळा करणाऱ्या वाहनाला २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत ताशी दंड सांगत असे. वाहन लवकर हलावे ही अपेक्षा गैर नाही. परंतु ते सुरक्षितपणे दुरुस्त करण्यासाठी जागा कोणी द्यावयाची, हे तेथे सांगितलेले नाही. २०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एका ॲक्सलवरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. म्हणजे एका बाजूस सुमारे पावणेसहा टन. भार वाढविताना गाडीच्या पेटीतील जुन्या जॅकची कुवत किती, हे कोणी विचारले?

कायद्यांची उणीव आहे असेही नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याने दिवसाचे आठ तास ठरविले. पण तो पाच अथवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक व क्लीनर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०२० साली हा कायदा नव्या संहितेत विलीन करण्यात आला. नुकसानभरपाईचा कायदा तर १९२३ सालचा. वाहनाच्या दुरुस्तीत गुंतलेला कामगारही त्यात धरला होता. परंतु ज्या क्लीनरचे वा पंक्चरच्या टपरीवरील पोराचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याने आपण कोणाचे कामगार आहोत हे सिद्ध तरी कसे करावे?

येथे एक सावधगिरी हवी. कर्जाचे हप्ते फेडणारा एका गाडीचा मालक हा या व्यवस्थेचा सूत्रधार नव्हे. भाड्याचा दर पाडून वाहतूक करवून घेणाऱ्या मोठ्या कंपन्या पडद्याआड राहतात. ज्यांचा माल जातो, त्यांनीच सुरक्षिततेचा खर्च उचलला पाहिजे. ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालधन्याकडून लेव्ही घेऊन, अनेक मालकांकडे विखुरलेल्या हमालांना मंडळात नोंदविले. पाठीवरील ओझ्याला मर्यादा असावी, हे हमालांच्या संघटनांनीच समाजाला ऐकविले. ओझे पेलणे हा हमालाच्या ताकदीचा प्रश्न नसेल, तर ट्रेलरखाली जगणे-मरणे हा क्लीनरच्या नशिबाचा प्रश्न कसा ठरतो?

खर्च वाढेल, ही ओरड होईलच. त्या मंडळींनी याच घाटातील रेल्वेकडे पाहावे. १८६३ पासून येथे रेल्वे धावते, आणि घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून ब्रेकची चाचणी घेतली जाते. तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणत नाही. तो वेळापत्रकातच धरलेला असतो.

म्हणून मावळातील कार्यकर्त्यांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, घाटाच्या वर व खाली रहदारीपासून अलग, फरसबंद, सपाट आणि उजेडाच्या दुरुस्ती-जागा असाव्यात. दुसरी, वाहनाला योग्यता-प्रमाणपत्र देताना पुरेशा क्षमतेचा जॅक, दोन स्टँड, ठोकळे, उट्या व धोक्याचा परावर्तक त्रिकोण यांची तपासणी सक्तीची व्हावी. तिसरी, चालक, क्लीनर व पंक्चर कामगार यांची माथाडीच्या धर्तीवर नोंदणी करून मालधन्याकडून लेव्ही घेतली जावी.

मात्र निवेदनांनी भागणार नाही. टपऱ्यांवर जाऊन बसावे लागेल, सुरक्षिततेचे नियम मराठीत आणि हिंदीतही लावावे लागतील. गाडीखाली शिरणारा माणूस अनेकदा दूरच्या प्रांतातला असतो. स्थानिक विरुद्ध परका हा वाद उकरून काढणाऱ्यांना येथे थारा देता कामा नये. निसटलेला जॅक कोणाची मातृभाषा विचारीत नाही. कारखान्याच्या आतल्या यंत्राभोवती जाळी बसविण्यासाठी कामगार चळवळीला दीर्घ काळ झगडावे लागले. कारखाना आता रस्त्यावर उतरला आहे. तो झगडाही तेथे न्यावा लागेल.