सुरकुत्या हव्यात, साक्ष नको!

वृद्ध आदिवासीचा सुरकुतलेला चेहरा हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा लाडका विषय होऊन बसला आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर तो असतो, जंगल-पर्यटनाच्या जाहिरातीत वाघाशेजारी असतो आणि, खरे सांगावयाचे तर, आपल्या मोर्चांच्या भित्तिपत्रकांवरही असतो. त्याखाली नाव मात्र क्वचितच असते.

अर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकाराने १९१८ साली लाकडी ठशातून एका दाढीवाल्या वृद्धाचे मस्तक साकारले. रेषा ओबडधोबड, हत्याराचे घाव उघडे, काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये करड्या छटेची सवलत नाही. परंतु तो कोणी ‘एक म्हातारा’ नव्हे. ते फ्रँकफुर्टचे ज्यू कलाविक्रेते लुडविग शामेस होत, आणि चित्राला नाव त्यांचेच आहे. १९३७ साली नाझींनी किर्शनरच्या सहाशेहून अधिक कलाकृती जप्त केल्या, त्यांतील काही ‘अधःपतित कला’ म्हणून म्युनिकमध्ये टांगून त्यांची टवाळी केली. गुळगुळीत, निनावी, आदर्श देहांची पूजा करणाऱ्या राजवटीला असा खडबडीत, नावानिशी उभा असलेला माणूस सोसवणार तरी कसा?

ठशाचे अर्थशास्त्रही ध्यानात घेण्याजोगे आहे. फळी एकदा कोरली की पुढील प्रतीचा खर्च प्रामुख्याने कागद, शाई आणि हातच्या श्रमापुरता उरतो. म्हणूनच १९४६ च्या तेभागा लढ्यातील शेतकरी सोमनाथ होर यांनी लाकडात कोरले आणि त्याच वर्षी मुंबईत स्थायिक झालेल्या चित्तप्रसाद यांनी लिनोलियमचा ठसा जवळ केला. लढणाऱ्यांचे हे माध्यम आज संग्राहकाच्या चौकटीत जाऊन बसले, ही भांडवलशाहीची नेहमीचीच करामत!

आता मोहर्लीकडे या. ताडोबाचे हे प्रमुख प्रवेशद्वार. ताडोबा हे नावच तारू या गोंडांच्या दैवतावरून आलेले. तेथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे जंगलातून हलविण्यात आली. जंगलाशी असलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्याची नोंद कोठे आहे? पुष्कळशी वृद्धांच्या स्मरणात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील तेराव्या नियमाने दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन पुरावा म्हणून मान्य केले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर बजावले की उपग्रहचित्र पूरक ठरेल, इतर पुराव्याची जागा घेणार नाही. तरीही विशिष्ट कागद नाही, उपग्रहचित्रात शेत दिसत नाही, म्हणून दावे फेटाळले जातात, ही तक्रार जुनीच आहे. ज्याचा चेहरा भिंतीवर शोभतो, त्याचा शब्द दप्तरात चालत नाही!

आपण तरी काय केले? भित्तिपत्रकासाठी छायाचित्र घेतले आणि परतलो. चंद्रपूर-गडचिरोलीतील कार्यकर्त्यांनी या वृद्धांपाशी वही घेऊन बसावे. नाव, वय, गाव, कोणत्या नाल्यापर्यंत कसत होतो, मोहफूल कोठे वेचत होतो, देव कोणत्या झाडाखाली होता, हे त्यांच्याच शब्दांत उतरवावे, वाचून दाखवावे, सही वा अंगठा घ्यावा आणि ग्रामसभेच्या ठरावास जोडावे. उपविभागीय समितीने दावा फेटाळल्यास कारणे लेखी मागावीत. जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्यास कायद्याने साठ दिवस दिले आहेत.