रस्ता खुला की बंद?

मी बर्फ पाहिला आहे तो रसवंतीगृहातला, गोणपाटात गुंडाळलेला. आकाशातून पडणारा बर्फ आमच्या वाडीत सात पिढ्यांत कोणी पाहिलेला नाही. तरीही अमेरिकेतील बर्फगाड्यांवर मी लेख लिहिणार, असे वर्गात सांगितले तेव्हा मित्र हसले. "अरे, आपली एस.टी. वेळेवर येत नाही, त्यावर लिही!" असा सल्लाही मिळाला. सल्ला वाईट नव्हता. पण वाचता वाचता या विषयाची गाठ आमच्याच गावच्या वाटेशी पडली, म्हणून हे धाडस करीत आहे.

त्याचे असे झाले. भूगोलाच्या सरांनी नकाशावाचनाचा अभ्यास दिला आणि बजावले, "नकाशा नुसता पाहू नका. तो कोणी, कोणासाठी आणि का काढला ते सांगा." ग्रंथालयातील संगणकावर शोधताना मला अमेरिकेच्या वनसेवेचा एक काळा-पांढरा नकाशा सापडला. त्यात डोंगरांची उंची नव्हती, प्रेक्षणीय स्थळांची चित्रे नव्हती. या सरकारी वनातील कोणत्या रस्त्यावर, कोणत्या प्रकारच्या वाहनाने, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जाता येईल, एवढेच त्यात होते. असा नकाशा तेथे फुकट मिळतो. हे वाचून मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. सरकार आपल्या जंगलातील रस्त्यांचा हिशेब असा कागदावर मांडून लोकांच्या हातात देते, ही कल्पनाच मला नवी होती.

पुढे मी मुद्दाम एक कठीण प्रश्न घेतला. समजा, तेथील एखाद्या माणसाला हिवाळ्यात वनरस्त्यावर बर्फगाडी, म्हणजे स्नोमोबाईल, न्यायची आहे. रस्ता खुला की बंद, हे त्याला कसे कळणार?

आधी ही गाडी काय आहे ते सांगतो. पुढे जमिनीवर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा, आणि वर मोटारसायकलसारखी बैठक. अशा वाहनांच्या इतिहासात कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या व्हॅलकोर्ट गावचा कारागीर जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए याचे नाव मोठे आहे. बर्फावर चालणारी गाडी करण्याचा ध्यास त्याला लहानपणापासून होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाने बुजले होते आणि मुलाला रुग्णालयात नेता आले नाही. १९३७ साली बोंबार्डिएला त्याच्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले, आणि १९५९ साली एक-दोन माणसांची हलकी 'स्की-डू' बाजारात आली. ही हकीकत वाचताना मला परके वाटले नाही. आमच्याकडेही पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते. रस्ता बंद असणे म्हणजे काय, हे त्या बापाला आणि आम्हाला सारखेच ठाऊक आहे.

पण गरजेतून जन्मलेली वस्तू हौसेची झाली की तिचे रूप पालटते. बर्फगाड्या वाढल्या आणि शांत अरण्यांत इंजिनांचा आवाज घुमू लागला. हिवाळ्यात तेथील हरणे व एल्क सखल भागात उतरतात आणि अंगावरच्या चरबीवर कसेबसे दिवस काढतात. त्यांना त्या दिवसांत पळायला लावणे म्हणजे त्यांची शिदोरी लुटणे. पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून चालणारे, निवांतपणासाठी आलेले लोकही कुरकुरू लागले. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एक आदेश काढला. सरकारी जमिनींवर अशी वाहने कोठे चालतील व कोठे चालणार नाहीत हे ठरवावे. ठरविताना माती, पाणी, झाडे, वन्यप्राणी व इतर माणसे यांना होणारा उपद्रव कमीत कमी राहील असे पाहावे. आणि ठरविलेले पाट्या व नकाशे यांच्याद्वारे लोकांना कळवावे, असा त्याचा आशय होता. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो आणखी कडक केला.

आदेश निघाला म्हणजे काम झाले, असे मात्र तेथेही नाही. प्रत्येक राष्ट्रीय वनाने वाहनांसाठी रस्ते व क्षेत्रे ठरवून त्यांचा नकाशा छापावा, हा नियम वनसेवेने केला तो २००५ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी! त्यातही बर्फगाड्यांचा भाग ऐच्छिक ठेवला. शांततेने स्की करणाऱ्यांच्या 'विंटर वाइल्डलँड्स अलायन्स' या संघटनेने त्याविरुद्ध दाद मागितली. २०१३ साली आयडाहोच्या संघीय न्यायालयाने सांगितले की, १९७२ च्या आदेशातून बर्फगाड्यांना अशी सूट देता येत नाही. तेव्हा कोठे जानेवारी २०१५ मध्ये बर्फगाड्यांसाठी स्वतंत्र नियम आला आणि स्वतंत्र नकाशा बंधनकारक झाला. अजूनही सर्व वनांत ते काम पुरे झालेले नाही. सरकारचे गाडे सगळीकडे सारख्याच चालीने चालते, हे वाचून मला उगाच थोडे बरे वाटले.

आता आपल्या त्या माणसाकडे वळू. उन्हाळ्यातील मोटारींचा नकाशा त्याच्या कामाचा नाही. त्यात बर्फगाड्या दाखविलेल्या नसतात. त्याने बर्फगाड्यांचा नकाशा मागायला हवा. त्या वनाचा तो अजून निघालाच नसेल, तर पूर्वीचे आदेश कोणते लागू आहेत ते वनाधिकाऱ्याच्या कचेरीत विचारायला हवे. नंतर पाहायचे, तो रस्ता खरोखर वनसेवेचा आहे की जंगलातून जाणारा राज्याचा वा काउंटीचा. कारण मालक बदलला की नियम बदलतो. मग तारखा पाहायच्या. मग बर्फ किती आहे ते पाहायचे. कॅलिफोर्नियातील काही वनांत बर्फाचा थर निदान १२ इंच असल्याशिवाय मोकळ्या रानात ही गाडी नेता येत नाही. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या निर्जन अरण्यांत तर मोटारीला प्रवेशच नाही. शिवाय एखादा तात्पुरता बंदीहुकूम निघालेला असू शकतो. आणि गाडीची नोंदणी राज्याच्या कायद्याप्रमाणे हवी, ती वेगळीच.

एवढे सगळे ऐकून आमचा एक मित्र म्हणाला, "मग ते स्वतंत्र देश कसले? ज्याला जायचे त्याने जावे!" त्याचे बोलणे मला पटत नाही. नव्या नियमाने एक मोठा पालट केला आहे. जेथे 'बंद' लिहिलेले नाही तेथे खुले, ही जुनी समजूत होती. आता नकाशावर जेथे खुले दाखविले आहे तेवढेच खुले. यात गाडीवाल्याचे स्वातंत्र्य थोडे आकसले, हे कबूल. पण जंगल एकट्या गाडीवाल्याचे नाही. ते हरणाचे आहे, पायी जाणाऱ्याचे आहे आणि जो कधीच तेथे जाणार नाही त्याचेही आहे. सर्वांच्या मालकीच्या वस्तूला नियम नसला तर ती बळजोराची होते. आपल्या गावच्या गायरानांकडे पाहिले तरी हे पटेल.

माझी शंका वेगळ्या जागी आहे. या व्यवस्थेत नियम जाणून घेण्याची जबाबदारी जाणाऱ्यावर टाकली आहे. पाटी दिसली नाही, ही सबब चालत नाही. नकाशात काय आहे ते पाहायचे. ज्याला नकाशा वाचता येतो त्याला हे न्याय्य आहे. ज्याला येत नाही त्याचे काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही मावशीकडच्या लग्नाला भाड्याच्या जीपने निघालो होतो. जंगलातला कच्चा रस्ता आठ किलोमीटरचा. डांबरी रस्त्याने वळसा बत्तीस किलोमीटरचा. आमचे आजोबा त्याच वाटेने बैलगाडी हाकीत. नाक्यावर आम्हाला अडवले. "रस्ता बंद आहे." कधीपासून? "वरून आदेश आहे." आदेश कोठे पाहायला मिळेल? "कचेरीत." तेथे फाटक होते, कुलूप होते, पण पाटी नव्हती. बाबांना सही करता येते, वाचता येत नाही. त्यांनी पुढे होऊन हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं साहेब, माहीत नव्हतं." आम्ही वळसा घालून गेलो, तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

तो रस्ता योग्य कारणानेच बंद असेल. वणव्याचे दिवस होते. पहारेकरीही हुकमाचा ताबेदार; त्याच्यावर माझा राग नाही. मला बोचते ते बाबांचे हात जोडणे. जो नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता, तो मोडल्याची क्षमा त्यांनी का मागावी?

आणि गंमत अशी की, लोकांना कळवावे ही गोष्ट आपल्या कायद्याला अनोळखी नाही. परकीय राजवटीत झालेल्या १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही, जंगल राखीव करण्यापूर्वीची जाहीर सूचना आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी असे लिहिले आहे. राखीव जंगलातील वाट बंद करायची तर सोयीची दुसरी वाट असली पाहिजे, असेही त्यात आहे. कागदावर आपण मागे नाही. कागद कचेरीतून गावापर्यंत येत नाही, एवढीच अडचण. पण ती लहान नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. बंदी जरूर असावी. जंगल राखायचे तर काही वाटा बंद राहिल्याच पाहिजेत. पण बंदी घालणाऱ्याने ती समजावून सांगण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. फाटकावर मराठीत पाटी हवी, तिच्यावर कारण आणि तारखा हव्यात. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वाटांचा नकाशा हवा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत तो मोठ्याने वाचला गेला पाहिजे. अमेरिकेतील नकाशाही कोणी आपण होऊन दिलेला नाही. लोकांनी मागितला, न्यायालयापर्यंत भांडले, तेव्हा तो मिळाला.

तेथे वाहनांच्या नकाशाचा नियम झाला त्याच २००५ साली आपल्याकडे माहितीचा अधिकार आला, हा योगायोग मला शुभ वाटला. दहा रुपये शुल्क भरून मी अर्ज केला आहे. त्या रस्त्याच्या बंदीचा आदेश, त्याची तारीख आणि कारण, एवढेच त्यात मागितले आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकून काय करणार, असे गावात विचारतात तेव्हा मला नेमके सांगता येत नसे. आता निदान एक काम मला सापडले आहे. आदेशाची प्रत आली की ती मी ओट्यावर बसून बाबांना वाचून दाखवीन. रस्ता बंदच असेल, तर बाबा तो बंद पाळतील. पण हात न जोडता.