स्वादुपिंडातील द्रवार्बुद : शस्त्रक्रिया की सावध प्रतीक्षा?

जठराच्या मागे आडवे वसलेले स्वादुपिंड पाचकरस व इन्शुलिन निर्माण करते. अन्य कारणासाठी केलेल्या सीटी अथवा एमआरआय तपासणीत या ग्रंथीमध्ये द्रवाने भरलेली गाठ, म्हणजेच द्रवार्बुद, पुष्कळदा अकस्मात आढळते. ‘गाठ’ हा शब्द कानी पडताच कर्करोगाची धास्ती मनात घर करते आणि ती तत्काळ काढून टाकावी, असा आग्रह सुरू होतो. हा आग्रह बहुधा अनाठायी असतो.

सर्व द्रवार्बुदे एका जातीची नव्हेत. स्वादुपिंडाच्या दाहानंतर साचणारा द्रव ही केवळ आभासी गाठ होय. पातळ द्रवाचे सीरस अर्बुद अत्यंत क्वचितच घातक ठरते. चिकट श्लेष्मा असलेल्या गाठींपैकी काही मात्र पुढे कर्करोगाचे रूप घेतात. जठरात उतरविलेल्या दुर्बिणीस श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण जोडून, सुईने द्रव काढून तपासता येतो. त्यातील सीईए या प्रथिनाचे प्रमाण अधिक असल्यास गाठ श्लेष्मल असावी असे अनुमान निघते. ती कर्करोगाकडे झुकली आहे किंवा नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही.

गाठीमुळे झालेली कावीळ, १० मिलिमीटर वा अधिक रुंदावलेली मुख्य नलिका, अथवा गाठीच्या भिंतीवर ५ मिलिमीटर वा अधिक उंचीचा, रक्तपुरवठा असलेला घन उंचवटा, ही गंभीर चिन्हे होत. ती दिसल्यास प्रकृती साथ देत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार लांबविणे योग्य नव्हे. परंतु ही शस्त्रक्रिया किरकोळ नाही. स्वादुपिंडाचा शिरोभाग काढताना लहान आतड्याचा प्रारंभीचा भाग व पित्ताशयही काढावे लागते. पुढे मधुमेह जडू शकतो. म्हणून निरुपद्रवी गाठीसाठी शस्त्र उचलणे हाही अपायच होय.

देखरेख किती काळ करावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पाच वर्षांत लक्षणीय बदल न झाल्यास ती थांबवावी, असे २०१५ मध्ये अमेरिकन जठरांत्ररोग संघटनेने सुचविले. रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य आहे तोवर ती चालू ठेवावी, असे २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने म्हटले. तरुण व सुदृढ रुग्णाच्या श्लेष्मल गाठीबाबत दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण वर्षे लोटली म्हणून धोका संपत नाही. परंतु जर्जर वृद्धावर शस्त्रक्रिया करणे शक्यच नसेल, तर दरवर्षीची तपासणी त्यास भयावाचून काय देणार?

यास्तव देखरेख कशासाठी आणि ती केव्हा थांबवावयाची, हे वैद्याने रुग्णास प्रारंभीच सांगितले पाहिजे. सावध प्रतीक्षा म्हणजे हयगय नव्हे. हेतू जाणून केलेली प्रतीक्षा हाही उपचारच होय.