एक ओटा, दोन तवे

घरात भांड्याला भांडे लागायचेच, असे म्हणून आपल्याकडील वडीलधारी माणसे सासू-सुनांची आणि जावाजावांची कुरबूर हसण्यावारी नेत असत. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ज्यांची भांडी एकमेकांवर आदळतात, त्यांच्या ताटांत पडणारे अन्न एकच आहे, ही ती गोष्ट. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घर सोडलेली आपली मुले-मुली आज ज्या बिऱ्हाडांत राहतात, तेथे हे गृहीत टिकत नाही. ओटा एक, शेगडी एक, कुकर एक आणि जेवणाच्या रीती मात्र दोन, असा तेथला संसार. तेथेही भांड्याला भांडे लागते, पण ते हसण्यावारी नेता येत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील कन्या इंदूरहून येथील विद्यापीठात शिकावयास आली आणि कारेलीबागेत दोन खोल्या घेऊन एका जैन मैत्रिणीसह राहू लागली. घरमालकांची कशास हरकत नव्हती. दोघी एकत्र खर्च करीत, एकत्र अभ्यास करीत. एका रविवारी सकाळी इंदूरच्या कन्येने घरातील एकुलत्या एका तव्यावर आम्लेट केले आणि तवा घासून, पुसून जागच्या जागी ठेवला. मैत्रिणीस हे कळले ते सायंकाळी, फुलके भाजावयास बसल्यावर. ती काही बोलली नाही. मात्र त्या रात्री ती उपाशी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींचे बोलणे थांबले. कन्येच्या मातोश्रींनी आम्हांस विचारले, “तवा लखलखीत घासला होता. मग माझ्या मुलीचे चुकले ते काय?”

हा प्रश्न मोठा आहे, आणि तो एकट्या इंदूरकरांचा नाही. ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, बडोदे, जेथे जेथे आपली मराठी घरे आहेत, तेथील मुले आज कोठे ना कोठे कोणाच्या तरी सोबत ओटा वाटून घेत आहेत. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

तवा स्वच्छ होता, याविषयी शंका नाही. परंतु स्वच्छ आणि सोवळे हे दोन निराळे शब्द आपल्याच भाषेत आहेत, आणि त्यांचा अर्थ एक नाही हे आपल्या आज्यांना पुरते ठाऊक होते. घासलेला तांब्या ओवळ्याने शिवला तर पुन्हा घासला जाई. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करणारी घरे अजूनही आहेत, आणि ते वर्ज्य होण्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांद्याचे सारे प्रकार मनसोक्त खाऊन घेण्याची कांदेनवमी ही तर खास आपलीच. गायकवाडांच्या राज्यात बडोद्यास आलेल्या मराठी कुटुंबांत देशस्थ-कोकणस्थांबरोबर कायस्थ प्रभू होते, मराठे होते, सारस्वत होते. त्यांतील कित्येक सामिष घरांत मटणाचे पातेले वेगळे आणि त्याची चूल परसदारी, अशी रीत असे. एका घरातील माणसांनीच एकमेकांसाठी पाळलेली ती सोय होती. तेव्हा ‘वेगळे भांडे’ ही कल्पना जैन मैत्रिणीने आपल्या घरात आणली, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

आणखी एक उदाहरण मराठी बोलणाऱ्यांतलेच आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. यहुदी धर्मात मांस आणि दूध एकत्र करीत नाहीत. कोकणच्या या मंडळींनी त्यावर नारळ शोधला. सणाच्या गोडधोडात गाईम्हशीच्या दुधाऐवजी नारळाचे दूध घातले की ते मांसाच्या जेवणाबरोबरही चालते. नियम न मोडता शेजाऱ्यांच्या चवीत मिसळण्याची ही युक्ती आजच्या बिऱ्हाडकरूंनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

आता भांड्यांकडे वळू. कोणते भांडे वाटून घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याचा निवाडा पुष्कळ अंशी ते कशाचे केले आहे यावरून करता येतो. जुन्या शास्त्रकारांनी हे पाहिले होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात धातूची व दगडाची पात्रे राख, माती आणि पाणी यांनी शुद्ध होतात, तर मातीचे भांडे पुन्हा भट्टीत भाजावे लागते, असा भेद सांगितला आहे. यहुद्यांच्या धर्मग्रंथातही विटाळलेले मातीचे भांडे फोडावयास सांगितले आहे. दोन दूरच्या देशांत हा विचार एकाच वाटेने गेला, कारण माती अन्नरस शोषून घेते व धातू घेत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही दिसते.

त्या न्यायाने स्टेनलेस स्टीलची ताटे, वाट्या, पातेली ही निर्धास्तपणे सामाईक ठेवावीत. ती काही शोषीत नाहीत. अंड्याचे भांडे मात्र आधी थंड पाण्याने धुवावे. गरम पाण्याने अंड्यातील प्रथिन शिजून भांड्यास चिकटते व वास राहतो. मासळीचा वास हा क्षारधर्मी द्रव्यांचा असतो, म्हणून तो चिंच, लिंबू वा कोकम अशा आंबट पदार्थाने जातो. कोकणात मासळीच्या कालवणात आमसूल पडते त्यामागे चवीबरोबर हेही कारण आहे.

लोखंडी तव्याची गोष्ट वेगळी. तापलेल्या तेलाचा पातळ थर त्यावर चढून घट्ट होत जातो. तवा ‘मुरला’ असे आपण म्हणतो, तो हाच थर. पोळी न चिकटण्याचे श्रेय त्याचेच. आम्लेट केले की त्याचा अंश या थरात राहू शकतो, आणि वरवर घासून थर निघत नाही. निघाला तर तवाच बिघडतो. म्हणजे इंदूरच्या मातोश्रींचा तवा लखलखीत होता हे खरे, आणि मैत्रिणीची शंकाही निराधार नव्हती. यावर उपाय वादाचा नाही, दुसऱ्या तव्याचा आहे.

लाकडाचे पोळपाट-लाटणे, भाजी चिरण्याची फळी, प्लास्टिकचे डबे आणि कुकरची रबरी रिंग ही याच जातीची. कांदा-लसणाचा वास रबरात किती मुरतो, हे रिंग हुंगून पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. कुकर एक असला तरी रिंगा दोन ठेवाव्यात. तो खर्च फार नाही. मात्र एकाच कुकरात वरखाली डबे ठेवून एकीचा वरणभात व दुसरीचा रस्सा शिजवू नये. वाफ दोन्ही डब्यांत फिरते. मिक्सरचे यंत्र एक चालेल, भांडी व झाकणे वेगळी असावीत. तळणीचे तेल कधीही सामाईक असू नये. मासळी तळलेल्या तेलात दुसरीने पापड तळला तर झालेले नुकसान घासून जात नाही. आणि ज्या वस्तूचा विचार कोणी करीत नाही ती घासणी. सारी भांडी वेगळी ठेवून घासणी एकच ठेवली, तर इतर सारे कष्ट व्यर्थ गेले असे समजावे.

शीतकपाटात कच्चे मांस वा मासळी झाकणाच्या डब्यात, अगदी खालच्या फळीवर ठेवावी, म्हणजे तिचे पाणी इतर अन्नावर गळणार नाही. हा नियम धर्माचा नसून आरोग्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे सांगितली, त्यांत कच्चे व शिजलेले अन्न, त्यांच्या सुऱ्या आणि फळ्या वेगळ्या ठेवाव्यात हे एक सूत्र आहे. एकट्या सामिष माणसानेही ते पाळावयाचे आहे.

येथपर्यंत भांड्यांचे झाले. परंतु बडोद्यात बसून वेगळ्या भांड्यांविषयी लिहिताना एक घटना बाजूला सारता येत नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली कराराप्रमाणे नोकरीसाठी या शहरात आले. एकाही हिंदू खाणावळीत त्यांस जागा मिळाली नसती, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू स्नेह्याने, तुम्हांस घरी ठेवले तर नोकर निघून जातील, असे सांगितले. एका ख्रिस्ती स्नेह्याकडेही आसरा मिळाला नाही. गाडीच्या वेळेपर्यंतचा उरलेला काळ त्यांनी कमाटीबागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ते काय जेवतात हे कोणी विचारले नव्हते. ते कोण आहेत एवढेच विचारले गेले.

ही रेषा आजही पुसट झालेली नाही. मुंबईच्या आयआयटीत २०१८ साली एका वसतिगृहाने सामिष जेवणाऱ्यांनी वेगळी ताटे वापरावीत असे कळविले, तेव्हा गदारोळ झाला. २०२३ साली तेथेच शाकाहारींसाठी राखीव मेजांवरून वाद होऊन विद्यार्थ्यास दहा हजार रुपयांचा दंड झाला. दोन्ही वेळी एका बाजूस आपल्या व्रताचे रक्षण दिसत होते आणि दुसऱ्या बाजूस आपला अपमान. दोन्ही भावना खऱ्या असू शकतात, म्हणूनच हा विषय हलक्या हाताने हाताळावा लागतो.

आमच्या मते त्यास एक कसोटी आहे. आपला नियम वस्तूस लागू आहे की माणसास, हे पाहावे. ‘या तव्यावर अंडे करू नकोस’ हे व्रत झाले. ते पाळणाऱ्याने स्वतःच्या जिभेवर घातलेले बंधन आहे, आणि सोबत्याने त्याचा मान राखावा. ‘तू अंडे खातेस, म्हणून माझ्या माठाला हात लावू नकोस’ हा विटाळ झाला. हात धुतला तरी जो नियम संपत नाही, तो अन्नाचा नियम नव्हे. तो मानण्याचे बंधन कोणावरही नाही, आणि आपल्या मुलीने तो निमूट सोसू नये. उलट बाजूने, सोबतीणीचे व्रत म्हणजे खुळ असे समजून ‘कळले नाही तर काय बिघडते’ म्हणत गुपचूप भांडे वापरणे हाही अपमानच आहे. विश्वास गेला की दहा तवे आणूनही ओटा एक होत नाही.

इंदूरकर कन्येने पुढे दुसरा तवा आणला, दुसरी रिंग आणली आणि मैत्रिणीपुढे दोन्ही ठेवून ‘यांतले तुझे कोणते ते तूच निवड’ असे म्हटले. त्यावर बोलणे सुरू झाले. नंतर त्यांच्या ध्यानात आले की वेळापत्रकही आपोआप जुळणारे आहे. जैन मैत्रीण सूर्यास्तापूर्वी जेवते, म्हणून साडेपाचला शेगडी तिची. आठ वाजता इंदूरची. श्रावणात इंदूरच्या कन्येच्या घरची मंडळी स्वतःच सामिष वर्ज्य करतात. पर्युषण त्याच श्रावणाच्या अखेरीस सुरू होते आणि श्वेतांबरांची संवत्सरी बहुधा गणेशचतुर्थीच्या सुमारास येते. गणपतीच्या नैवेद्यात कांदा-लसूण नसतोच. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी केली की ते पान संवत्सरीचा उपवास सुटल्यावर दोघींना चालते. उकडीच्या मोदकास तर कोणाचीच हरकत नाही.

मुलांना परगावी पाठविताना आपण पापड, लोणची, मेतकूट बांधून देतो. त्याबरोबर दोन-तीन भांडी त्यांची स्वतःची द्यावीत, एक तवा, एक फळी, एक कढई. पूर्वी लग्नात भांडी देताना त्यांवर नाव घालून देत. तसे या भांड्यांवरही घालून घ्यावे, म्हणजे मोरीतल्या ढिगातून कोणते कोणाचे यावर तंटा होत नाही. आणि निघण्यापूर्वी एवढे सांगावे की पहिल्याच दिवशी, सामान लावण्याआधी, सोबत्याशी चार गोष्टी उघड बोलून घे: तू काय खातोस, मी काय खातो, कोणते भांडे कोणाचे, आणि घरमालकाची अट काय आहे. अट मान्य नसेल तर दुसरे घर पाहावे. मान्य करून अंड्याची टरफले वर्तमानपत्रात गुंडाळून लपवीत बसू नये. हे बोलणे पहिल्या दिवशी दहा मिनिटांत होते. तेच एखाद्या रविवारच्या सायंकाळी, एक जण उपाशी बसलेला असताना करावयाचे झाले, तर फार अवघड जाते.